बैल गेला आणि झोपा केला : रेड सॉक्सचा हिवाळा

काल संध्याकाळी ड्राइव्हवेमधला बर्फ काढताना शेजारच्या आजोबांशी पुन्हा तोच वाद झाला. हातात फावडं, नाक गारठून बधिर, आणि विषय काय तर यंदा आमच्या रेड सॉक्सच्या, म्हणजे बॉस्टनच्या बेसबॉल टीमच्या, थर्ड बेसला (मैदानातली एक फील्डिंगची जागा) कोण उभं राहणार. तिथे खेळणारा अ‍ॅलेक्स ब्रेग्मन गेला ना शिकागोला, तिथल्या कब्स टीमनी त्याला ५ वर्षांचे १७५ मिलियन डॉलर दिले. आजोबा म्हणाले जाऊ दे, मार्चमध्ये बत्तीस पूर्ण होतील त्याला, शेवटची दोन वर्षं नुसता पगार खाल्ला असता. मी म्हटलं आजोबा, हेच आपण लेस्टरच्या वेळी पण ऐकलं होतं (तो कोण ते पुढे सांगते). ते थांबले. मग म्हणाले, लेस्टरचं नाव नको काढूस.

बॉस्टनच्या जवळ राहायला येऊन मला आता तेरा वर्षं झाली. आले ती डोंबिवलीहून, क्रिकेट सोडून दुसरा खेळ माहीत नव्हता, आणि आले ते पण २०१२ मध्ये, म्हणजे टीम ६९ मॅच जिंकून ९३ हरली ते वर्ष. ह्याच आजोबांनी मला पोर्चवर बसवून बेसबॉल शिकवला. इकडे हिवाळ्यात खेळ बंद असतो तेव्हा कोणाला घ्या, कोणाला सोडा ह्या ज्या गप्पा चालतात त्याला हॉट स्टोव्ह म्हणतात, पूर्वी लोक शेगडीभोवती बसून बोलायचे म्हणून. आपल्याकडे पारावर बसतात तसं. मला खरं सांगायचं तर मॅचइतक्याच ह्या गप्पा आवडतात, कारण टीम मैदानात हरते त्याच्या आधी ती जानेवारीत हरलेली असते, हे मला हळूहळू कळायला लागलंय.

आयपीएल बघणाऱ्यांसाठी थोडं सांगते. तिथे प्रत्येक टीमच्या पर्सला मर्यादा असते, लिलाव होतो, आणि कोणाकडे जायचं ते खेळाडूच्या हातात फारसं नसतं. इथे उलटं आहे. मोठ्या लीगमध्ये सहा वर्षांची सर्व्हिस झाली की खेळाडू मोकळा, म्हणजे फ्री एजंट, कोणाशीही बोलू शकतो. खर्चाला पक्की मर्यादा नाही, पण एक रेषा आहे, ती ओलांडली की लक्झरी टॅक्स बसतो आणि सलग वर्षं ओलांडत राहिलात तर टॅक्सचा दर वाढत जातो. म्हणून स्वतःच्या घरात वाढलेला पोरगा असेल तर त्याची सहा वर्षं संपायच्या आत त्याच्याशी बसून बोलायचं असतं. उशीर केला की भाव वाढतो, सगळा खेळ इथे आहे.

आता लेस्टर. जॉन लेस्टर आमचा, म्हणजे रेड सॉक्सनीच ड्राफ्टमध्ये, नवीन पोरांच्या निवडीत, घेतलेला, कॅन्सरमधून बरा होऊन आलेला आणि २००७ ची वर्ल्ड सिरीज, म्हणजे लीगची फायनल, संपवणारी मॅच जिंकून देणारा डावखुरा पिचर, म्हणजे बॉल टाकणारा. २०१३ मध्ये परत चॅम्पियन झालो त्यातही तो होताच. २०१४ च्या वसंतात त्याला ४ वर्षांचे ७० मिलियन देऊ केले अशी बातमी आली, जेव्हा बाजारभाव त्याच्या खूप वर होता. तो नाही म्हणाला, जुलैमध्ये त्याला ओकलंडला पाठवलं, आणि हिवाळ्यात कब्सनी त्याला ६ वर्षांचे १५५ मिलियन दिले. बरं, मग आमच्याकडे एक नंबरचा पिचरच उरला नाही. म्हणून वर्षभरानी, डिसेंबर २०१५ मध्ये, डेव्हिड प्राइसला आणला. किती? ७ वर्षं, २१७ मिलियन. लेस्टरला जे द्यायला जड जात होतं त्याच्याहून कितीतरी जास्त परक्याला दिलं. बैल गेला आणि झोपा केला, ही म्हण माझी आजी म्हणायची आणि मला तिचा इतका अचूक उपयोग दुसरीकडे कुठे दिसला नाही.

आणि हे तिथेच थांबलं असतं तरी मी काही बोलले नसते, प्राइसनी २०१८ च्या वर्ल्ड सिरीजमध्ये जीव तोडून बॉलिंग टाकली (मी अजून पिचिंगला बॉलिंगच म्हणते, आजोबा दर वेळी दुरुस्त करतात). ते वर्ष म्हणजे १०८ विजय, आणि आमचाच मुकी बेट्स एमव्हीपी, म्हणजे सीझनचा सर्वोत्तम खेळाडू, .३४६ ची अ‍ॅव्हरेज, ३२ होम रन, ३० बेस चोरलेले. पण ती टीम महाग होती. २०१८ आणि २०१९ लागोपाठ दोन वर्षं टॅक्सची रेषा ओलांडली, तिसऱ्या वर्षी दर ५० टक्क्यांवर जाणार होता. २०२० ची रेषा २०८ मिलियनची. तिच्याखाली यायचं ठरलं, आणि फेब्रुवारी २०२० मध्ये बेट्सला लॉस एंजेलिसच्या डॉजर्सकडे पाठवलं, सोबत प्राइसला, आणि प्राइसच्या उरलेल्या ९६ मिलियनपैकी निम्मे आपणच भरायचे ह्या अटीवर. आता धागा बघा. लेस्टर वेळेवर सांभाळला नाही म्हणून प्राइस आला, प्राइसचं ओझं झालं म्हणून ते उतरवताना बेट्स गेला. शंभर वर्षांपूर्वी, जानेवारी १९२० मध्ये, ह्याच क्लबनी बेब रूथ ह्या दिग्गज खेळाडूला न्यूयॉर्कच्या यँकीजना, आमच्या कट्टर प्रतिस्पर्ध्यांना, विकल्याची बातमी आली होती आणि त्यानंतरची वर्ल्ड सिरीज मिळायला २००४ उजाडलं. आजोबांच्या वडिलांनी अख्खं आयुष्य वाट बघितली आणि ते २००१ साली गेले. आजोबांसमोर आकड्यांची भाषा करायला मला जमत नाही.

ऑफिसमध्ये माझ्या टीममधला एक मुलगा आहे, जन्मापासून इथलाच, तो बेट्सच्या ट्रेडची, म्हणजे त्या अदलाबदलीची, बाजू घेतो आणि त्याचं म्हणणं मी नीट ऐकून घेते कारण त्यात तथ्य आहे. तो म्हणतो बेट्सला फ्री एजंट व्हायचंच होतं, एकच वर्ष उरलं होतं, ३०० मिलियनची ऑफर त्यानी नाकारल्याचं छापून आलेलं, फुकट जाण्यापेक्षा काहीतरी हातात पडलं. ठीक आहे. पण काय पडलं? अ‍ॅलेक्स व्हर्डुगो, जीटर डाउन्स, कॉनर वाँग. डाउन्सला डिसेंबर २०२२ मध्ये सोडून दिलं, व्हर्डुगोला वर्षभरानी चक्क यँकीजला दिलं, राहिला तो वाँग. आणि बेट्सनी जुलै २०२० मध्ये डॉजर्सशी १२ वर्षांचा ३६५ मिलियनचा करार केला, म्हणजे राहायला तो तयार होता, फक्त बोलणी वेळेत आणि मनापासून व्हायला हवी होती. डॉजर्स २०२०, २०२४, २०२५ तीनदा जिंकले. आमची टीम २०२०, २०२२, २०२३ तीनदा डिव्हिजनमध्ये तळाला.

झँडर बोगार्ट्सचं तेच. कोवळ्या वयात अरुबाहून आलेला, शांत, दोन वर्ल्ड सिरीज जिंकलेला शॉर्टस्टॉप (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधला फील्डर). सीझनच्या आधी फारच छोटी वाढ देऊ केली, डिसेंबर २०२२ मध्ये सॅन डिएगोनी ११ वर्षांचे २८० मिलियन दिले. एवढे द्यायला नको होते हे मी पण मानते, पण वर्षभर आधी खूप कमीत जमलं असतं. मग २ जानेवारी २०२३ ला आमच्या मैदानावर, फेनवे पार्कवर, आइस हॉकीची विंटर क्लासिक मॅच होती, आणि मालक जॉन हेन्री दिसल्यावर लोकांनी त्यांची हुर्यो उडवली. दोनच दिवसांनी आमचा थर्ड बेसवाला राफाएल डेव्हर्स ह्याच्या कराराची बातमी, १० वर्षं, ३१३.५ मिलियन. आम्ही घरात नाचलो. माझ्या लेकीला त्याचा ११ नंबरचा टीशर्ट घेतला, तेव्हा ती सात वर्षांची होती.

पुढचं सगळ्यांना माहितीये. फेब्रुवारी २०२५ मध्ये ब्रेग्मनला थर्ड बेससाठी आणलं, डेव्हर्सला सांगितलं तू आता फक्त बॅटिंग कर, तो नाराज, मग मे महिन्यात फर्स्ट बेसवाल्या ट्रिस्टन कासासचा गुडघा गेला तर म्हणाले तू फर्स्ट बेस खेळ, तो नाही म्हणाला. इथे मी डेव्हर्सची सगळी बाजू घेणार नाही, टीमला गरज असताना ग्लोव्ह उचलायला हवा होता. पण ज्या माणसाला दहा वर्षांसाठी घेतलंय त्याची जागा बदलायची तर आधी त्याच्याशी बोलायचं असतं, हे कोणत्याही ऑफिसमधला मॅनेजर सांगेल. १५ जून, रविवार, फेनवेवर यँकीजना सलग तिसऱ्यांदा हरवलं, आम्ही खुशीत, आणि संध्याकाळी बातमी की डेव्हर्स सॅन फ्रान्सिस्कोला. लेक काही बोलली नाही, टीशर्ट घडी करून खालच्या ड्रॉवरमध्ये ठेवला तिनी.

तरी टीम ८९ मॅच जिंकली, वाइल्ड कार्डला, म्हणजे बादफेरीच्या पहिल्या टप्प्याला, पोचली, आणि न्यूयॉर्कमध्ये यँकीजविरुद्ध तिसऱ्या मॅचला एकही रन न करता हरली. समोर पिचर कोण, तर कॅम श्लिट्लर, आमच्याच मॅसॅच्युसेट्समधल्या वॉलपोलचा पोरगा, १२ स्ट्राइकआउट, म्हणजे बारा बॅट्समन त्यानी एकट्यानी बाद केले. त्या रात्री मला डेव्हर्सच्या बॅटची फार आठवण आली.

ठाण्याचा माझा मावसभाऊ लिव्हरपूलचा वेडा आहे. त्या क्लबचे मालक पण हेच, फेनवे स्पोर्ट्स ग्रुप, २०१० पासून. गेल्या वर्षी ट्रेंट अलेक्झांडर-आर्नॉल्डचा करार संपत आला आणि तो रेआल माद्रिदला गेला तेव्हा त्याचा मला फोन, ताई, हा तर आपल्याच शहरातला पोरगा होता गं, इतकी वर्षं सांभाळला आणि असा जाऊ दिला. मी त्याला लेस्टरपासून सगळं सांगत बसले, पाऊण तास. लिव्हरपूलनी त्याच सीझनला लीग जिंकली हे तोच मला शेवटी म्हणाला, मालकांना सगळंच चुकतं असं नाही म्हणून. बरोबर आहे त्याचं. मी आले त्याच वर्षी, २०१२ च्या ऑगस्टमध्ये, ह्याच लोकांनी महागडे करार डॉजर्सच्या गळ्यात घातले आणि हिवाळ्यात नपोली, व्हिक्टोरिनो, गोम्स, उएहारा अशी माणसं छोट्या करारांवर गोळा केली, लोकांनी नाकं मुरडली, आणि पुढच्याच वर्षी टीम चॅम्पियन. त्यामुळे पैसे ओता म्हणजे झालं, असं मी अजिबात म्हणत नाहीये.

माझं म्हणणं वेळेबद्दल आहे. आणि तिथे आता खरंच फरक दिसतोय, म्हणून ह्या वर्षी मी आजोबांपेक्षा जरा जास्त आशेनी बोलते. पिचर गॅरेट क्रोशेला आणलं आणि फ्री एजंट व्हायच्या आधीच ६ वर्षांचे १७० मिलियन देऊन बांधून ठेवलं. रोमन अँथनीशी तर ऑगस्टमध्ये, मोठ्या लीगमध्ये येऊन दोन महिने पण झाले नव्हते तेव्हा, ८ वर्षांचा १३० मिलियनचा करार केला. आधी ब्रायन बेयो आणि सेडॅन रफाएलाशी पण असंच. ह्यातला एखादा फसेल, क्रिस्टियन कॅम्पबेलला तर करारानंतर काही महिन्यांतच मायनरमध्ये, म्हणजे खालच्या लीगमध्ये, परत पाठवावं लागलं, पण तरी मला हा मार्ग पटतो. पिचिंग पण भरलंय, सॉनी ग्रे आला, रेंजर सुआरेझला ५ वर्षांचे १३० मिलियन दिले.

आजोबांना हे पटत नाही, ते म्हणतात चार चांगले आउटफिल्डर (मागे लांब उभे राहणारे) आणि जागा तीन, आणि थर्ड बेस रिकामा, हा कुठला हिशेब, त्यातल्या जॅरेन डुरानला द्या आणि चांगला बॅट्समन आणा. मी म्हणते डुरानला फेब्रुवारीत घाईघाईनी विकलं तर समोरचा पाडूनच मागणार, मार्सेलो मायरला थर्ड बेसला उभा करा, पोरगा घरचा आहे, शिकेल. ते म्हणाले हे तू आईसारखं बोलतेयस. मी म्हटलं हो, तसंच.

पुढच्या आठवड्यात फेनवेमधून सामानाचा ट्रक फ्लोरिडाला, फोर्ट मायर्सला, सीझनआधीच्या सरावासाठी, निघतो, थंडीत लोक बघायला जमतात, आम्ही पण जाणार आहोत आजोबांना घेऊन. लेकीला नवीन टीशर्ट हवाय. परवा जेवताना तिनी आधी विचारलं की अँथनीचा करार कधीपर्यंत आहे, मी म्हटलं २०३३, तिनी बोटांवर मोजलं, म्हणाली तोपर्यंत मी बारावीत जाईन, मग १९ नंबरचा घे, पण एक साइज मोठा.