भाड्याचा गाळा, स्वतःची डंकी : आमची वाटचाल

कोल्हापुरात मंगळवार पेठेत घराच्या तळमजल्यावर सासूबाईंच्या हातची कांदा-लसूण चटणी विकत विकत आमचा धंदा वाढला आणि मार्च ते मे सीझनला घरात पाय ठेवायला जागा उरेना. संकेश्वरी मिरचीची पोती जिन्यात, ब्याडगी बेडरूममध्ये, आणि कांडप बाहेरच्या डंकीवर, म्हणजे मिरची-मसाला कुटायच्या मशीनवर, तिथं नंबर कधी लागेल त्याचा काय भरवसा नाही. मग ठरवलं, भाड्यानं का होईना गाळा घ्यायचा आणि डंकी स्वतःची बसवायची.

पहिला गाळा शाहूपुरीत बघितला. भाडं परवडणारं, जागा ऐसपैस, पण भिंतीवर २०१९ च्या पुराची रेघ अजून दिसत होती आणि शेजारच्या दुकानदारांनी सांगितलं २०२१ ला पण पाणी आलंच होतं. मिरचीला नुसती ओल लागली तरी बुरशी धरते, म्हणून तो नाद सोडला आणि राजारामपुरीत जास्त भाडं देऊन उंचावरचा गाळा घेतला.

आता ज्यासाठी हे लिहायला बसले ते सांगते. भाड्याच्या जागेत कारागीर नंतर, कागद आधी. डिपॉझिट दिलं की दुसऱ्या दिवशी फरशी फोडायला लागणारे लई जण बघितलेत मी, आणि मला ते अजिबात पटत नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम १६ मध्ये स्पष्ट आहे, मालकाच्या लेखी परवानगीशिवाय पक्कं बांधकाम केलं तर मालक जागा परत मागू शकतो. पण त्याच कलमात हे पण दिलंय की लाकडी पार्टिशन, फॉल्स सीलिंग, एसी, एक्झॉस्ट, धुराडं, हवेसाठी खिडकी असली कामं, महापालिकेची परवानगी लागत असेल तिथं ती घेऊन केली तर, पक्कं बांधकाम धरत नाहीत. आमचा करार लिव्ह अँड लायसन्सचा, म्हणजे ठराविक मुदतीसाठी जागा वापरायची नुसती परवानगी, तिथं करारात काय लिहिलंय त्यावरच सगळं, म्हणून वकीलसाहेबांनी ती यादीच करारात घातली आणि खाली एक ओळ टाकली की जे नट-बोल्टनं उघडून निघतं ते जाताना आम्ही घेऊन जाणार. मुदत ६० महिने, लॉक-इन दोन्हीकडनं, म्हणजे ठरल्या काळात दोघांपैकी कुणी करार मोडायचा नाही, आणि काम चालू असेपर्यंत भाडं नाही. मालक म्हणाले, "वहिनी, एवढं सगळं लिहून कशाला, माझ्यावर विश्वास नाही काय?" मी म्हटलं, "काका, तुमच्यावर आहेच ओ, पण उद्या तुमची मुलं बघणार आणि आमची मुलं बघणार, त्यांना कळायला पाहिजे की." करार रजिस्टर केला.

मग प्लॅन. रिकाम्या गाळ्यात जमिनीवर खडूनं सगळं आखलं, डंकी, पल्व्हरायझर म्हणजे बारीक दळायचं मशीन, मसाला भाजायची कढई, पोत्यांची थप्पी, पुढं काउंटर. सासूबाई दोन्ही हातात मोठी परात धरून त्या रेघांमधनं कढईपासून डंकीपर्यंत चालल्या आणि मध्येच थांबल्या. "हितं वळताना परात भिंतीला घासतीया, कढई तिकडं सरकवा." कढई सरकवली, मग काउंटर पण फूटभर पुढं आला. इंटिरियरवाल्याच्या थ्रीडी चित्रात हे दिसलं नसतं.

सगळ्यात अवघड डंकी. तिला काँक्रीटचं फाउंडेशन लागतं आणि मालकांना खड्डा नको होता, वर राहणाऱ्यांना हादरे नको होते, दोघांचंही बरोबरच. उद्यमनगरातल्या फॅब्रिकेटरनं जाड चॅनेलची वजनदार फ्रेम करून दिली, खाली रबरचे पॅड, डंकी त्या फ्रेमवर बोल्टनं आवळली. मिरचीचा ठसका बाहेर काढायला डक्ट, म्हणजे हवा न्यायचा पाइप, मागच्या भिंतीनं गच्चीच्या वरपर्यंत नेला, त्यासाठी मालकांचं वेगळं पत्र घेतलं आणि वरच्या मजल्यावरच्या काकूंना आधी भेटून आलो. पल्व्हरायझरला धूळ धरायची कापडी पिशवी आहेच. खर्चाचा निम्म्याहून जास्त भाग फ्रेम आणि डक्ट या दोन गोष्टींवर गेला आणि मला तो योग्यच वाटतो, कारण दोन्ही उद्या उचलून दुसरीकडं लावता येतात.

वीज म्हणाल तर थ्री फेजसाठी मालकांची संमती लागते, आणि अर्ज भरताना एक बघा, मसाला गिरणी महावितरणच्या औद्योगिक दरात येते, साध्या दुकानासारखी व्यापारी दरात नाही. अर्जात कामाचं स्वरूप नीट लिहा. भिंतींना खालपासून धुता येईल असा रंग दिला, अन्न परवान्यासाठी भिंती-फरशी धुता येण्यासारख्या लागतातच. बाकी लाईट, बोर्ड, रॅक हे सगळ्यांसारखंच.

यंदाच्या सीझनला डंकी सकाळपासून चालली, बाहेरच्या लोकांची कांडपं पण घेतली आणि वरच्या काकूंनी स्वतःची चटणी आमच्याकडंच कुटून नेली. आता मागच्या बाजूला मिरचीसाठी थंड खोली करायचीय. विटांची भिंत नाही, पफ पॅनेलची, म्हणजे दोन पत्र्यांच्या मध्ये फोम भरलेल्या तयार फळ्यांची, ती उघडून निघते. नकाशा मालकांकडं दिलाय, त्यांचं सहीचं पत्र हातात आलं की पॅनेलची ऑर्डर देणार.