तासाभरात 7.8 लाख वर्षं

पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र मोजायचं, तर आधी जहाजापासूनच पळावं लागतं. हजारो टन लोखंड! म्हणून मॅग्नेटोमीटरचा सेन्सर, आमच्या भाषेत ‘फिश’, लांब केबलवर जवळपास 300 मीटर मागे ओढत नेतो. आत केरोसिनसारखा हायड्रोजनयुक्त द्रव असतो. करंट देऊन त्यातले प्रोटॉन एका दिशेला वळवायचे आणि करंट तोडायचा. मग ते पृथ्वीच्या क्षेत्राभोवती भोवऱ्यासारखे डोलतात. क्षेत्र जितकं जास्त, तितकी डोलण्याची वारंवारता जास्त.

त्या दिवशी आम्ही हिंदी महासागरात कार्ल्सबर्ग रिज ओलांडत ईशान्येकडे चाललो होतो. रिज म्हणजे समुद्रतळावरची डोंगररांग; तिच्या मधल्या दरीत लाव्हा थिजून नवा तळ तयार होतो आणि दोन्ही बाजूंना सरकत जातो. वारंवारता 1,600 हर्ट्झच्या आसपास, म्हणजे क्षेत्र 40,000 नॅनोटेस्लाच्या जरा खाली. दुपारी इकोसाउंडरवर (आवाजाच्या प्रतिध्वनीवरून खोली मोजणाऱ्या यंत्रावर) रिजची मधली दरी दिसू लागली आणि त्याच सुमारास आकडे घसरायला लागले. काहीशे नॅनोटेस्लांनी.

“सर, सेन्सर गेला का?” वॉचवरच्या मुलीनं विचारलं. तिचा प्रश्न रास्त होता. थिजताना खडक त्या वेळच्या क्षेत्राची दिशा धरून ठेवतो. मधला खडक आजच्याच क्षेत्रात थिजलेला, मग तिथे क्षेत्र वाढायला हवं, असंच कुणालाही वाटेल. पण सिग्नल स्वच्छ होता. सूर्यामुळे होणारा रोजचा चढउतार इतका मोठा नसतो, आणि विषुववृत्ताजवळ तो दुपारी क्षेत्र वाढवतो.

खरं कारण अक्षांशात होतं. चुंबकीय विषुववृत्ताजवळ पृथ्वीचं क्षेत्र जवळजवळ आडवं असतं. तिथे आजच्या दिशेनं चुंबकित झालेला खडक स्वतःच्या वर मात्र उलट दिशेचं क्षेत्र उभं करतो. त्यामुळे उत्तर अटलांटिकमध्ये जिथे उंचवटा मिळतो, तिथे इथे खळगा. 1962 मध्ये याच रिजवर ‘एचएमएस ओवेन’ या ब्रिटिश जहाजानं मोजमाप केलं होतं. त्याच्या आधारे वाइन आणि मॅथ्यूज या भूशास्त्रज्ञांनी 1963 मध्ये सागरतळाच्या चुंबकीय पट्ट्यांचा अर्थ लावला: पृथ्वीचं क्षेत्र अधूनमधून उलटतं, म्हणून तळावर आळीपाळीनं सुलट-उलट चुंबकित पट्टे तयार होतात. ते मला पाठ होतं, तरी डोळ्यांसमोर रेषा खाली जाताना अंगावर काटा आलाच.

खळगा ओलांडायला तासभर लागला. पृथ्वीचं क्षेत्र शेवटचं उलटलं ते सुमारे 7.8 लाख वर्षांपूर्वी. तेव्हापासून तयार झालेला सगळा तळ त्या तासात आमच्या खालून गेला.

एका रेषेवर विसंबणं मला पटत नाही. एखादा बुडालेला ज्वालामुखीही असाच खळगा दाखवू शकतो. म्हणून जहाज वळवून रिजच्या बाजूनं पुढे सरकलो आणि समांतर रेषेवरून परत आलो. वळणावरचे आकडे टाकून दिले. दरीवर पोचताच रेषा पुन्हा खाली गेली, तेवढ्याच रुंदीची. त्या मुलीनं नकाशावर दोन्ही खळगे जोडले; पट्टा रिजला समांतर निघाला.