चौथ्या सीटवर मावेल असं यंत्र

स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर पुठ्ठ्याचं खोकं ठेवलं, आकडा आला ४१०. साबुदाण्याची आणखी एक पुडी आत सरकवली, ५८०. मग दोन्ही मुठींच्या जागी पाच-पाच रुपयांची नाणी चिकटवत गेले आणि ६४० वर थांबले. लांबी २९८ मिलिमीटर, रुंदी ११७, मुठीपाशी जाडी ४९. २०२३ च्या नोव्हेंबरात आलेल्या ओलेड पडद्याच्या स्टीम डेकची, म्हणजे दोन हातांत धरून गेम खेळायच्या एका यंत्राची, ही मापं. स्टीम डेक भारतात अधिकृतपणे विकत नाहीत, त्यामुळे दुकानात जाऊन पाच मिनिटं हातात धरून बघायची सोय नाही. वजन आणि आकार मात्र कंपनीने छापलेलेच असतात. म्हटलं, निदान तेवढं तरी हातात धरून बघू.

एवढा खटाटोप कशासाठी, ते सांगते. मी डोंबिवलीला राहते, ऑफिस मशीद बंदरला. स्लो लोकलने एका बाजूचा सव्वा तास. सकाळी डोंबिवलीहून सुटणारी गाडी पकडते, त्यामुळे बसायला मिळतं. संध्याकाळी मशीदला चढेपर्यंत सीएसएमटीलाच बाकं भरलेली असतात, मग तीन जणींच्या बाकावर चौथी सीट. हा अडीच तास माझा एकटीचा असतो आणि त्यात मला गेम खेळायला आवडतं. लहानपणी दोन सेलवर चालणारा तो करडा ब्रिक गेम होता, तेव्हापासूनची ही आवड. फोनवर खेळून पाहिलं, पण काचेवरची बटणं बोटाला लागत नाहीत आणि अंगठाच निम्मा पडदा झाकतो. मला खरी बटणं हवी होती.

२०२३ मध्ये बोनसच्या पैशातून विंडोजवर चालणारं एक सात इंची यंत्र घेतलं. कोणतं ते महत्त्वाचं नाही, चूक निवडीत होती. पडदा सुंदर, ताकद भरपूर, वजन सातशे ग्रॅमच्या आसपास. तीन महिन्यांत उजव्या अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाच्या कडेला कळ यायला लागली. आधी पोळ्या लाटताना, मग कुकरचं झाकण उघडताना, शेवटी साधी फाइल उचलताना. डॉक्टरांनी अंगठा मुठीत घ्यायला सांगितला आणि मूठ करंगळीच्या बाजूला वाकवली. मी ओरडलेच. डी क्वेरव्हेन, म्हणजे अंगठा उचलणाऱ्या स्नायूबंधांच्या आवरणाला आलेली सूज. ऑफिसचं काम, घरचं काम आणि वर रोज अडीच तास हे वजन, असं सगळं मिळून झालं होतं. सहा आठवडे अंगठ्याला स्प्लिंट लागला. यंत्र विकून टाकलं.

खेळणं सोडायचं नव्हतं. फिजिओथेरपिस्ट बाईंना मी सरळ तसं सांगितलं. त्या म्हणाल्या, “सोडू नका, पण काय धरता आणि कसं धरता ते मला दाखवा.” मी स्टीलचा डबा हातात धरून दाखवला. त्यांनी दोन गोष्टी दाखवल्या. पहिली, खेळताना अंगठे बटणांवर असतात, म्हणजे ते वजन धरायला मोकळेच नाहीत. सगळा भार तळव्याच्या मनगटाकडच्या भागावर आणि शेवटच्या दोन-तीन बोटांवर येतो. त्यामुळे यंत्र चपटं असेल तर बोटांना कवळायला काही मिळत नाही आणि ती आवळून धरावी लागतात. मागे फुगीर मूठ असेल तर तेच वजन तळव्यात विसावतं. पर्सला जे यंत्र सोयीचं ते हाताला जड जातं, ते यामुळे.

दुसरी गोष्ट माझ्या समजुतीच्या अगदी उलट निघाली. मला वाटत होतं की जितकं लहान तितकं मनगटाला बरं. बाईंनी हातात काड्यापेटी दिली आणि दोन्ही हातांनी धरायला सांगितली. खांदे रुंद आणि वस्तू अरुंद, त्यामुळे दोन्ही हात आत येतात आणि काड्यापेटी सरळ धरण्यासाठी मनगटं करंगळीच्या बाजूला वाकतात. डॉक्टरांनी ज्या दिशेला वाकवल्यावर मी ओरडले होते, तीच ही दिशा! वस्तू खांद्यांएवढी रुंद असली की मनगट सरळ राहतं. म्हणजे माझ्या दुखण्याला हलकं हवं, पण अरुंद नको.

आणि रुंद चौथ्या सीटवर मावत नाही.

त्यात पुन्हा चाळिशी लागलेली. मनगट, डोळे आणि बाक, तिघांचं तीन दिशांना. तेव्हा ठरवलं की आता जाहिराती आणि आकडे वाचून काही घ्यायचं नाही. सगळ्या मापांचे पुठ्ठे कापायचे आणि गाडीत घेऊन जायचे.

चार केले. स्टीम डेक, ६४० ग्रॅम. निन्टेन्डोचा स्विच लाइट, २०८ बाय ९१ मिलिमीटर आणि २७५ ग्रॅम. सोनीचा जुना व्हिटा, १८२ मिलिमीटर लांब आणि २६० ग्रॅम. चौथा साडेतीन इंची पडद्याच्या त्या उभ्या छोट्या यंत्रांचा, जी हल्ली जुने गेम खेळायला घेतात. त्याची रुंदी माझ्या तळव्याएवढीसुद्धा नाही. काट्यावर वजन जुळवताना एक चूक दोनदा केली. सगळं वजन मधोमध भरलं की खोकं हलकं वाटतं, कडेला भरलं की जड. खऱ्या यंत्रात ते कसं विभागलंय हे बाहेरून कळत नाही, म्हणून मी मुठींत थोडं आणि मध्ये जास्त असं ठेवलं.

डब्यातल्या बायकांनी पहिल्याच दिवशी विचारलं. रोज भाजी निवडणाऱ्या काकूंनी डेकचा पुठ्ठा हातात घेतला आणि म्हणाल्या, “हा तर पाऊण किलो फरसबीचा पुडा गं.” तीन जणींच्या बाकावर चौथी बसते तेव्हा तिची अर्धी मांडी बाहेर असते आणि आतल्या बाजूचा हात शेजारणीच्या बरगडीला टेकलेला. डेकचा पुठ्ठा धरला की माझा डावा कोपर थेट शेजारणीच्या पोटात. ती काही बोलली नाही, पण मला ते बरं वाटेना. मांडीवर पर्स ठेवून पुठ्ठा तिच्यावर टेकवला तर वजनाचा प्रश्न सुटत होता, रुंदीचा नाही. छोटा पुठ्ठा कुठेही मावत होता, पण मुलुंड येईपर्यंत मनगटाने आठवण करून दिली. काड्यापेटीची गोष्ट खरी होती.

याच काळात मी या यंत्रांच्या इतिहासात शिरले आणि एक माणूस मला फार आवडून गेला: गुनपेई योकोई, निन्टेन्डो या जपानी गेम कंपनीचे अभियंते. बुलेट ट्रेनमध्ये एक कंटाळलेला नोकरदार कॅल्क्युलेटरची बटणं दाबत वेळ घालवत होता, तो पाहून त्यांना खिशात मावणाऱ्या खेळाची कल्पना सुचली असं सांगतात. त्यातून १९८० मध्ये गेम अँड वॉच आला. म्हणजे या सगळ्याचं मूळ रोज प्रवास करणाऱ्या एका माणसाच्या हातात आहे! पुढे १९८९ मध्ये त्यांच्या चमूने गेम बॉय काढला. रंगीत पडदे तेव्हा बनत होते. सेगा या दुसऱ्या गेम कंपनीने पुढच्याच वर्षी गेम गिअर काढला, रंगीत आणि मागून उजळणारा. पण त्याला सहा सेल लागायचे आणि ते तीन ते पाच तासांत संपायचे. गेम बॉयचा पडदा हिरवट, उजेडाशिवायचा, आणि चार सेलवर तो दहा तासांहून जास्त चालायचा. योकोईंचं म्हणणं असं की तंत्रज्ञान मुरलेलं, स्वस्त झालेलं घ्यावं आणि त्याचा उपयोग नवा शोधावा. गेम बॉय आणि त्याचा रंगीत भाऊ मिळून जवळजवळ १२ कोटी विकले गेले, गेम गिअर साधारण एक कोटी.

सेल गेले, लिथियम आलं, तरी हिशेब तोच आहे. ५० वॉट-तासांची बॅटरी आणि यंत्र २० वॉट खात असेल तर अडीच तास. जास्त वेळ हवा तर मोठी बॅटरी, म्हणजे जास्त ग्रॅम. जास्त ताकद हवी तर जास्त उष्णता, मग पंखा, मग त्याला जागा, म्हणजे जाडी. पडदा ५.५ इंचांवरून ७ इंचांवर नेला तर क्षेत्रफळ दीडपटीहून जास्त वाढतं आणि उजळायला तेवढी वीज लागते. यातलं काहीही एकटं वाढत नाही.

डोळ्यांचा प्रश्न मात्र पुठ्ठ्यावर सुटणारा नव्हता. पुण्याला माझा भाचा इंजिनिअरिंगला आहे, त्याच्या मित्राकडे अमेरिकेहून आणलेला खरा स्टीम डेक होता. एका रविवारी गेले. भाचा म्हणाला, “मावशी, ७.४ इंच आहे, तुला चष्माच लागणार नाही.” सुरू केला, एक गोष्टीचा गेम लावला, आणि संवाद वाचायला मला चष्मा काढावा लागला, लावावा लागला, शेवटी यंत्रच नाकाजवळ आणावं लागलं. पर्समधली मोजपट्टी काढून पडद्यावर धरली. अक्षराची उंची दीड मिलिमीटरच्या थोडी वर. मग भाच्याचं साडेतीन इंची छोटं यंत्र घेतलं, त्यावर २००१ च्या गेम बॉय अॅडव्हान्सचा एक गेम होता. अक्षर अडीच मिलिमीटर!

दोनदा मोजलं. कारण नंतर लक्षात आलं. पहिला गेम टीव्हीसाठी काढलेला, १०८० ओळींच्या चित्रात अक्षराला वीस-एक ओळी. ते चित्र तळहाताएवढं केलं की अक्षरही आक्रसतं. दुसरा गेम काढणाऱ्यांना ठाऊक होतं की पडदा २.९ इंचांचा आहे आणि त्यावर फक्त २४० बाय १६० ठिपके आहेत. त्यांनी आठ ठिपक्यांचं ठसठशीत अक्षर काढलं, ते कुठेही नेलं तरी वाचता येतं. निन्टेन्डोने २०१२ मध्ये थ्रीडीएस एक्सएल हे दोन पडद्यांचं यंत्र काढलं तेव्हा आधीच्या थ्रीडीएसपेक्षा पडदे जवळजवळ ९० टक्क्यांनी मोठे केले आणि ठिपके वाढवलेच नाहीत. त्यावर लोकांनी नाकं मुरडली होती, चित्र भरड दिसतं म्हणून. माझ्या डोळ्यांना विचाराल तर ती फार शहाणी गोष्ट होती, कारण चित्राबरोबर अक्षरही वाढलं.

त्या दिवसापासून मी पडद्याचे इंच बघणं सोडलं. गेम घेण्याआधी त्यात अक्षर मोठं करायची सोय आहे का, हे बघते. अनेक गेममध्ये नसते, आणि याचा मला मनापासून राग येतो. यंत्र हलकं करायला धातू, प्लास्टिक, बॅटरी सगळ्याशी झगडावं लागतं. अक्षर मोठं करायला फक्त कुणीतरी तसं ठरवावं लागतं.

शेवटी लॅमिंग्टन रोडवरून वापरलेला स्विच लाइट घेतला. व्हिटाचा पुठ्ठाही हाताला छान बसत होता, पण त्याचे नवे गेम आता येत नाहीत. घेण्याआधी दुकानदारासमोर माझा पुठ्ठा त्याच्याशेजारी ठेवला, तीन मिलिमीटरचा फरक होता, माझा मोठा. स्विच लाइट मागून सपाट आहे, म्हणून घरी जुन्या योगा मॅटचे दोन तुकडे कापून पाठीमागे मुठींच्या जागी चिकटवले. कडा पॉलिश पेपरने गोल केल्या, कारण कापलेली कड करंगळीला टोचत होती. या तुकड्यांनी वजन फक्त नऊ ग्रॅमने वाढलं आणि बोटं आवळणं थांबलं. गाडीत मांडीवर पर्स, पर्सवर घडी केलेली ओढणी, त्यावर यंत्र टेकवलेलं. मान थोडी खाली जाते, म्हणून ठाणे आलं की यंत्र बाजूला ठेवून पाच मिनिटं बाहेर बघते. ही फिजिओबाईंची अट. खेळते ते बहुतेक पाळी-पाळीने चालणारे गेम, ज्यात अंगठ्याला धावाधाव नाही. दोन महिन्यांत कळ गेली. परत आलेली नाही.

गेल्या वर्षी, २०२५ च्या जूनमध्ये, स्विच २ आला. पडदा ७.९ इंच, लांबी २७२ मिलिमीटर, वजन ५३४ ग्रॅम. भाच्याचा फोन आला, “मावशी, हा घे, हा बघ किती पातळ आहे.” मी त्याच संध्याकाळी वॉशिंग मशीनच्या खोक्याचा उरलेला पुठ्ठा काढला, या वेळी साबुदाण्याऐवजी हरभरा डाळ भरली. दुसऱ्या दिवशी सकाळी खिडकीच्या जागी बसून धरला, ठीक वाटला. संध्याकाळी मशीदला चढले, चौथी सीट मिळाली. काकू शेजारीच होत्या. मी पुठ्ठा बाहेर काढला आणि दोन्ही हातांनी धरला. त्यांनी माझ्या कोपराकडे बघितलं, मग पुठ्ठ्याकडे, आणि मेथीची जुडी उचलून दुसऱ्या मांडीवर ठेवली. मी पुठ्ठा पर्समध्ये ठेवून दिला आणि स्विच लाइट काढला.