न्यूझीलंडमध्ये मोटरहोम: ‘माणशी अडीच हजार रोज पुरतात’ हे कुणी सांगितलं होतं?

परत येऊन चार दिवस झालेत, अजून पहाटे तीनला जाग येते. तेव्हा जाऊबाईंची खर्चाची वही काढून बसते आणि नव्याने चिडते. भाषा थोडी तिखट वाटली तर समजून घ्या.

मार्च २०२५, न्यूझीलंडचं दक्षिण बेट, चौदा दिवस. मी, नवरा, धाकटे दीर आणि जाऊ, म्हणजे चार प्रौढ आणि एक सहा जणांची डिझेल मोटरहोम (आतच झोपायची-रांधायची सोय असलेली गाडी). क्राइस्टचर्चहून निघून टेकापो, माउंट कुक, वानाका, क्वीन्सटाउन, ते आनाऊ (‘ते’ गावाच्या नावातलाच), मिलफर्ड, परत वानाका, मग हास्टवरून पश्चिम किनारा, फ्रान्झ जोसेफ, होकिटिका आणि आर्थर्स पासवरून पुन्हा क्राइस्टचर्च. एकूण २,१४० किलोमीटर. विमान, व्हिसा आणि गाडीचं भाडं नाशकातूनच भरलं होतं. प्रश्न फक्त वरखर्चाचा होता. आधी जाऊन आलेल्या ओळखीच्या जोडप्याने सांगितलं, “माणशी अडीच हजार रुपये रोज धरा, उरतील.” एक न्यूझीलंड डॉलर पन्नास रुपयांना पडत होता, म्हणजे चौघांचे रोजचे २०० डॉलर.

पडले २९५. वहीत एकूण ४,१३६ डॉलर आहेत. आम्ही उधळपट्टी केली असती तर गप्प बसले असते. हेलिकॉप्टर नाही, बंजी नाही, खरेदी म्हणजे दोन फ्रिज मॅग्नेट. पैसे खाल्ले ते गाडीने.

पहिला फटका डिझेलचा. बुकिंगवर ठसठशीत लिहिलेलं असतं, ‘अमर्याद किलोमीटर’. पहिल्या पंपावर बोर्ड दिसला, लिटरला पेट्रोल २.६५ डॉलर आणि डिझेल १.९९. भाऊजी इतके खूश झाले की त्यांनी बोर्डाचाच फोटो काढला. या स्वस्ताईमागची गोष्ट अशी आहे. तिथे पेट्रोलच्या किमतीतच रस्त्याचा कर धरलेला असतो, डिझेलच्या किमतीत नसतो. डिझेल गाडीला तो कर किलोमीटरप्रमाणे वेगळा भरावा लागतो. त्याला रोड युझर चार्ज म्हणतात आणि हलक्या गाड्यांना सरकारी दर हजार किलोमीटरला ७६ डॉलर आहे. भाड्याच्या गाडीत कंपनी तो परतीच्या दिवशी मीटर बघून वसूल करते, वर आपली थोडी भर घालून. आम्हाला शंभर किलोमीटरला ८.९० लागले. म्हणजे गाडी परत करताना, सगळे पैसे संपत आल्यावर, १९० डॉलरची पावती. करारात होतं का? होतं, अकराव्या पानावर.

तुमच्यासाठी सरळ आकडा: सहा जणांची डिझेल गाडी घेतलीत तर किलोमीटरला ३६ सेंट धरा, २७ डिझेलचे आणि ९ या कराचे. दीडशे किलोमीटरचा दिवस म्हणजे ५४ डॉलर. दिवसाच्या बजेटची सुरुवात इथून करा, जेवणापासून नाही. आम्ही जेवणापासून केली होती.

दुसरा फटका मुक्कामाचा. तिकडच्या हॉलिडे पार्कमध्ये, म्हणजे गाडी लावून राहायच्या तळावर, विजेच्या जोडणीची जागा साठ-पासष्ट डॉलरला मिळते असं सगळीकडे वाचलं होतं आणि ते खोटंही नाही. फक्त तो दर दोघांचा असतो. पुढच्या प्रत्येक प्रौढाचे वेगळे पैसे. आम्हाला विजेची रात्र सरासरी ११० डॉलरला पडली, अशा सहा रात्री काढल्या. सल्ला देणारं जोडपं दोघंच गेलं होतं, हे आमच्या डोक्यात आधी यायला हवं होतं. मुलं घेऊन जाणाऱ्यांनी तर पार्कवाल्यांचं ‘मूल’ कितव्या वर्षी संपतं ते बघा. काही ठिकाणी दहावीतला मुलगाही प्रौढ धरतात.

डिपार्टमेंट ऑफ कॉन्झर्व्हेशनचे, म्हणजे तिथल्या भाषेत ‘डॉक’चे, कॅम्प त्या मानाने स्वस्त आहेत. तिथे जागेचे नाही, माणशी पैसे. आमची रात्र सरासरी ६४ डॉलरला गेली. वीज नाही, गरम पाणी नाही, बहुतेक ठिकाणी संडास आणि नळ एवढंच. माउंट कुकच्या पायथ्याचा व्हाइट हॉर्स हिल कॅम्प यातलाच. तिथे ३,७२४ मीटरचा तो पर्वत खिडकीत उभा असतो. छान होतं. पुढे.

फुकट मुक्काम दोन रात्री केला. गाडीवर ‘सेल्फ कन्टेन्ड’चा, म्हणजे संडास-पाण्याची सोय गाडीतच असल्याचा, दाखला असला तरी कुठेही थांबता येत नाही. नगरपालिकेनुसार नियम बदलतात, दंड ४०० डॉलरपासून सुरू होतो आणि क्वीन्सटाउनच्या परिसरात तर नादच करू नका. फुकटच्या भरवशावर बजेट बांधणाऱ्यांना माझा दंडवत.

विजेचं अजून एक. विजेची जोडणी नसेल तेव्हा गाडीतले साधे प्लग चालतच नाहीत, फक्त दिवे, फ्रिज, पाण्याचा पंप आणि यूएसबी. मायक्रोवेव्ह बंद. जाऊबाईंनी नाशकाहून छोटा मिक्सर आणला होता. तो चौदा दिवसांत दोनदा फिरला. प्रेशर कुकर मात्र गॅसवर चालतो. तो न्या, कशीही जागा करून न्या.

आता तो दिवस. वानाका ते फ्रान्झ जोसेफ, २८५ किलोमीटर.

वानाकाला टाकी अर्ध्याखाली होती. मी म्हटलं, भरून घेऊ. भाऊजी म्हणाले, “वहिनी, पुढे पंप असतातच.” असतात की. हास्टला आहे. आणि तिथून फॉक्स ग्लेशियरपर्यंत साधारण १२० किलोमीटर काही नाही, हे त्या पंपालाही माहीत आहे. डिझेल २.४९. ५५ लिटर भरलं. वानाकापेक्षा साडेसत्तावीस डॉलर जास्त, नुसत्या आळसाचे.

पण खरा घोळ पुढेच. पंप स्वयंचलित होता, माणूस नाही. कार्ड घातलं की यंत्र आधी मोठी रक्कम अडवून ठेवतं, आमचे २०० डॉलर अडवले. डिझेलचे १३७ वेगळे कापले आणि अडवलेले २०० सुटले पाचव्या दिवशी. फॉरेक्स कार्डावर (आधी डॉलर भरून ठेवायचं कार्ड) तेव्हा ३८० होते, उरले ४३. आम्हाला पत्ता नाही. पाऊस असा, की इगतपुरीच्या जुलैची आठवण यावी. फ्रान्झ जोसेफला संध्याकाळी सातला हॉलिडे पार्कच्या काउंटरवर जागेचे ११८ डॉलर द्यायला कार्ड पुढे केलं, नाकारलं. पुन्हा केलं, पुन्हा नाकारलं. मागे ओल्या माणसांची रांग. घरी फोन करून कार्ड भरून घ्यावं तर भारतात रविवार, सकाळचे साडेअकरा. शेवटी नवऱ्याचं क्रेडिट कार्ड निघालं. त्यावर परकीय चलनासाठी बँकेचा साडेतीन टक्के मार्कअप आणि त्या मार्कअपवर जीएसटी.

त्या रात्री स्वयंपाकाची ताकद नव्हती. एका इंडियन रेस्टॉरंटमध्ये चौघं जेवलो, १४२ डॉलर. दाल इतकी गोड होती की नवऱ्याने मीठ मागितलं. कपडे धुऊन वाळवायचे १२, त्याआधी रस्त्यात चार कॉफ्या २४. दिवसाची बेरीज ४३३ डॉलर, एकवीस हजार सहाशे पन्नास रुपये. दिसलं काय? वायपर.

दुसऱ्या दिवशीही ढग खाली. फ्रान्झ जोसेफच्या हिमनदीचं माओरी नाव ‘हिनेहुकातेरेचे (दंतकथेतल्या मुलीचे) अश्रू’ अशा अर्थाचं आहे. जाऊ म्हणाली, “ताई, दोन आपलेही त्यात धरा.”

म्हणून स्पष्ट सांगते. पश्चिम किनाऱ्याचे दोन दिवस रोजच्या सरासरीत मिसळू नका, त्यांचं पाकीट वेगळं करा आणि त्यात दीडपट पैसे ठेवा. वानाकाला टाकी काठोकाठ भरा. किराणाही तिथेच भरा, पुढे छोटी दुकानं आहेत आणि महाग आहेत. ते आनाऊहून मिलफर्डला निघतानाही टाकीचा हाच नियम, जाऊन-येऊन २४० किलोमीटर आणि रस्त्यात भरवशाचं काही नाही. स्वयंचलित पंपावर फॉरेक्स कार्ड कधीही घालू नका. माणूस बसलेला पंप शोधा आणि आत जाऊन पैसे द्या. स्वस्त पंप दाखवणारं गॅस्पी नावाचं अॅप आहे. आम्हाला ते नवव्या दिवशी कळलं.

खाण्याबद्दल फार तक्रार नाही. पॅक अँड सेव्ह हे सुपरमार्केट सगळ्यात स्वस्त, पिशव्या आपल्या न्याव्या लागतात. मोठ्या गावातच असतं, म्हणून क्राइस्टचर्चलाच मोठी खरेदी उरका. स्वतः रांधलं तर चौघांना रोजचे ६० डॉलर भरपूर झाले. अंडी महाग, कोथिंबिरीची चिमूटभर जुडी चार डॉलर, तेव्हा कोथिंबीर विसरा. बेकरीतला ‘पाय’ (आत सारण भरून भाजलेला खारा पदार्थ) हा तिकडचा वडापाव समजा, सात-आठ डॉलरला एक, आणि पोट भरतं. टिप द्यायची पद्धत नाही. सार्वजनिक सुट्टीच्या दिवशी मात्र कॅफेवाले १५ टक्क्यांपर्यंत अधिभार लावतात, आणि आम्ही गेलो तेव्हा कार्ड नुसतं टेकवलं की बऱ्याच दुकानांत दीड-दोन टक्के लागत होते. काउंटरवर बारीक अक्षरात पाटी असायची. कार्ड आत घालून पिन दिला की काही ठिकाणी हा अधिभार लागत नव्हता.

भाजणी, मेतकूट, गोडा मसाला आम्ही नेला. विमानात फॉर्म भरताना ‘खाद्यपदार्थ आहेत’ला हो म्हणा. अधिकाऱ्याने मेतकुटाची पिशवी उघडली, वास घेतला आणि परत दिली. न सांगता सापडलं तर जागेवर ४०० डॉलर दंड. मध नेऊच नका.

आता बॉन्ड, म्हणजे गाडीची अनामत रक्कम. हा वरखर्च नाही, पण वरखर्चावर येऊन बसतो, म्हणून लिहिते. शून्य जबाबदारीचा, म्हणजे गाडीचं नुकसान झालं तरी आपल्याला काही भरावं लागू नये असा विमा रोजचे ५९ डॉलर होता, आम्ही शहाणपणा करून घेतला नाही. त्या बदल्यात ५,००० डॉलर बॉन्ड. आमची समजूत, कार्डावर रक्कम ब्लॉक होईल आणि सुटेल. काउंटरवरच्या मुलीने गोड हसून ती चक्क चार्ज केली. अडीच लाख रुपये. मार्कअप आणि त्यावरचा १८ टक्के जीएसटी धरून साधारण दहा हजार तिथेच गेले. गाडीला ओरखडा नाही, डॉलर पूर्ण परत आले, पण रुपयांतला खड्डा तसाच राहिला. विम्याचे चौदा दिवसांचे ८२६ डॉलर झाले असते, त्यामुळे हिशोबाने आम्ही वाचलोच असं नवरा म्हणतो. पण त्या चौदा दिवसांत प्रत्येक अरुंद एकेरी पुलावर माझा जीव मुठीत होता, त्याचा दर त्याने सांगावा. तुम्ही विमा घ्या न घ्या, बॉन्ड ‘ब्लॉक’ होणार की ‘चार्ज’ होणार हे कंपनीकडून ईमेलवर लेखी घ्या. फोनवरचं बोलणं धरू नका.

टेकापो, वानाका, ते आनाऊ सुंदर झाली. ऊन होतं, काही बिघडलं नाही. मिलफर्डची बोट चौघांची ५५६ डॉलर, वसूल. धक्क्याजवळचं पार्किंग तासावर आहे आणि सँडफ्लाय नावाच्या बारीक माशा चावतात, एवढं लक्षात ठेवा. फोटो इतरांचे बघा, आमच्यापेक्षा चांगले असतील.

चार मोठ्या माणसांसाठी मी आज काय धरेन? रोजचे ३०० डॉलर, फिरण्याची तिकिटं धरून. दोघांसाठी याचे निम्मे करू नका, १९० धरा. डिझेल निम्मं होत नाही. दर तिसऱ्या रात्री वीज पुरे, त्याच दिवशी कपडे धुवा, सगळ्यांनी आंघोळी करा, सगळं चार्ज करा. दोन वेगळी कार्डं दोन माणसांजवळ ठेवा आणि शंभर-दीडशे डॉलर रोख. वॉशिंग मशीनला नाणी लागतात तिथे रात्री दहाला सुट्टे कुणी देत नाही.

आणि संडासाची कॅसेट, म्हणजे गाडीतल्या संडासाखालची मैल्याची टाकी, कोण रिकामी करणार हे विमानात बसण्यापूर्वी ठरवा. ती रिकामी करायला गावोगावी डम्प स्टेशनं आहेत, बरीचशी फुकट, पैशाचा प्रश्न नाही. आमच्याकडे चौथ्या दिवशी दोघा भावांत अबोला झाला तो यावरून.

गाडी परत देण्याआधी डेपोच्या अगदी जवळच्या पंपावर टाकी भरा, पावती ठेवा, किलोमीटरच्या मीटरचा फोटो घ्या. आमच्या पावतीवर ६० किलोमीटर जास्त लागले होते. फोटो दाखवल्यावर पाच डॉलर चौतीस सेंट कमी झाले. ते वहीत लाल शाईने लिहिलेत. चौदा दिवसांत जमेच्या बाजूला तेवढंच आहे.