ब्रेटफर्टनचा ‘फ्लीस इन’: सहाशे वर्षांच्या लाकडी घरातली एक दुपार

लंडनच्या पॅडिंग्टन स्थानकावरून ईव्हशॅमला जायला गाडीने पावणेदोन ते दोन तास लागतात. अडचण असते ती तिथून पुढे ब्रेटफर्टन गावातल्या ‘फ्लीस इन’ या जुन्या पबपर्यंतच्या सहाएक किलोमीटरची. आम्ही दोघे मे महिन्यातल्या एका रविवारी गेलो, तेव्हा बस मिळेना आणि टॅक्सी आधी ठरवलेली नव्हती, त्यामुळे पोहोचेपर्यंत स्वयंपाकघर बंद व्हायची वेळ झाली होती. पुढे जाणाऱ्यांनी टॅक्सी आदल्या दिवशीच ठरवावी आणि जेवायचे असेल तर साडेबाराच्या आत तिथे असावे.

हे मुळात शेतकऱ्याचे घर, पंधराव्या शतकातले. माणसे आणि गुरे तेव्हा एकाच छपराखाली राहत. ओकचे खांब आणि तुळया एकमेकींत खाचा पाडून बसवलेल्या आहेत आणि सांध्यांत लाकडी खुंट्या ठोकल्या आहेत. अशा घरांत खांबांमधली जागा काटक्यांच्या विणीवर माती आणि शेण लिंपून भरत, म्हणजे आपल्या कोकणातला कूडच. तुळईवरून हात फिरवला तेव्हा लाकूड दगडासारखे टणक लागले.

१८४८ साली या घराला मद्यविक्रीचा परवाना मिळाला. ज्या घराण्याने ते बांधले त्याच घराण्यातल्या लोला टॅपलिन यांनी ते अखेरपर्यंत चालवले आणि १९७७ साली त्यांच्या मृत्यूनंतर ते मृत्युपत्राने नॅशनल ट्रस्ट या जुन्या वास्तू जपणाऱ्या संस्थेकडे गेले. घरात बदल करू नये, इतकेच नव्हे तर बटाट्याचे वेफर्सही विकू नयेत, असा त्यांचा आग्रह होता. मला हा आग्रह फार मोलाचा वाटतो, कारण वस्तू काचेआड न जाता वापरातल्या खोल्यांतच राहिल्या, त्या यामुळेच. २००४ साली गवताने शाकारलेल्या छपराला आग लागून मोठे नुकसान झाले, तरी जुनी प्युटरची, म्हणजे कथिलाच्या मिश्रधातूची, भांडी वाचली आणि पुढच्या वर्षी घर पुन्हा उघडले.

ही भांडी जिथे मांडली आहेत, त्या ‘प्युटर रूम’मध्येच बसावे. प्युटरला चांदीची लकाकी नसते. खिडकीतून येणाऱ्या उजेडात त्या थाळ्या पावसाळी आभाळासारख्या करड्या दिसतात. शेकोटीपुढच्या फरशीवर पांढरी वर्तुळे काढलेली आहेत. धुराड्यातून चेटकिणी घरात उतरू नयेत म्हणून ती काढण्याची जुनी रीत इथे आजही पाळली जाते. उंबऱ्यावर रांगोळी काढणाऱ्या माझ्या आजीला त्यांचा अर्थ सांगावा लागला नसता. या वर्तुळांवर पाय देऊ नये आणि भांड्यांना हात लावू नये.

टेबलाशी बसून वेटरची वाट पाहू नये. काउंटरवर जाऊन मागणी करावी आणि तिथेच पैसे द्यावेत. पिंपातली बिअर हातपंपाने ओढून देतात. ती बर्फासारखी गार नसते, तळघराइतकी, म्हणजे साधारण बारा-तेरा अंशांची असते आणि त्यामुळेच तिची चव कळते. पूर्ण पाइंट ५६८ मिलिलिटरचा असल्याने आधी अर्धाच घ्यावा. न पिणाऱ्यांनी संकोच करू नये, कारण लिंबूपाणी किंवा चहा घेऊन निवांत बसणारी कुटुंबेही तिथे असतात. आत येण्यासाठी तिकीट लागत नाही.

जमल्यास मेअखेरीस जावे. ईव्हशॅमचे खोरे अ‍ॅस्परॅगस या कोवळ्या कोंबांच्या भाजीसाठी प्रसिद्ध आहे आणि त्या सुमारास त्याच्या जुड्यांचा लिलाव याच अंगणात होतो. गर्दी टाळायची असेल तर मात्र आठवड्याच्या मधल्या दिवशी जाऊन, जेवणानंतर मागच्या फळबागेत बसावे. तिथून शाकारलेले जुने कोठार आणि त्याच्या छपरावरची घुबडाची प्रतिकृती दोन्ही दिसतात.