१५ एप्रिलच्या आत २०२१ चा रिटर्न: व्हिटामधला माझा अनुभव

मी मूळची सोलापूरची, पुण्यात आठ वर्षं एका सीएच्या ऑफिसात काम केलं आणि आता बरीच वर्षं न्यू जर्सीत आहे. २०१९ पासून दर जानेवारी ते एप्रिल शनिवारी मी एका पब्लिक लायब्ररीच्या हॉलमध्ये व्हिटाचं काम करते. व्हिटा म्हणजे व्हॉलंटियर इन्कम टॅक्स असिस्टन्स, अमेरिकेच्या इन्कम टॅक्स खात्याचा, म्हणजे आयआरएसचाच प्रोग्राम, पन्नासहून जास्त वर्षं चालू आहे. ज्यांचं उत्पन्न साधारण ६७ हजार डॉलरच्या आत (हा २०२५ च्या सीझनचा आकडा) त्यांचा रिटर्न आम्ही फुकट भरून देतो. एक पैसा घ्यायचा नाही, तसं दरवर्षी लिहून द्यावं लागतं, शिवाय परीक्षा असते आणि त्यात ८० टक्के पाडावे लागतात. परीक्षा पुस्तक बघून देता येते पण सोपी नाही हं.

दोन वर्षांपासून आमच्या सेंटरचं सगळं मीच बघते, म्हणजे व्हॉलंटियर गोळा करणं, लॅपटॉप, प्रिंटर, आणि मुख्य म्हणजे लोकांपर्यंत पोचणं. आज त्याबद्दलच लिहायचंय, कारण रिटर्न भरणं हे त्यातलं सोपं काम आहे.

आधी थोडं ईआयटीसीबद्दल, म्हणजे अर्न्ड इन्कम टॅक्स क्रेडिटबद्दल, कारण आपल्या लोकांमध्ये फार कमी जणांना माहीत असतं. १९७५ पासून अमेरिकेत ही सोय आहे, जो माणूस काम करतो पण कमी कमावतो त्याला टॅक्स रिटर्नमधून सरकार पैसे देतं, आणि टॅक्स शून्य असला तरी देतं. २०२४ च्या उत्पन्नावर दोन मुलं असतील तर जास्तीत जास्त ६,९६० डॉलर, तीन किंवा जास्त असतील तर ७,८३०. वरून न्यू जर्सी राज्य त्याच्या ४० टक्के आणखी देतं. एवढे पैसे आहेत, पण मिळतात फक्त रिटर्न भरला तरच, आणि आयआरएस स्वतःच सांगतं की हक्क असलेल्या पाचातला एक जण मागतच नाही.

सेंटर हातात आल्यावर पहिल्या वर्षी मी फ्लायर छापले. लायब्ररीत लावले, देवळात ठेवले, ग्रोसरीच्या दारावर चिकटवले, मराठी ग्रुपवर टाकले. आले कोण तर आयटीवाले, ज्यांचं उत्पन्न मर्यादेच्या दुप्पट-तिप्पट, त्यांना परत पाठवावं लागलं. ज्यांच्यासाठी सगळं चाललं होतं, म्हणजे ग्रोसरीत माल लावणारे, गॅस स्टेशनवर रात्रपाळी करणारे, कॅटरिंगच्या किचनमध्ये राबणाऱ्या बायका, त्यातलं एक माणूस आलं नाही. मला फार लागलं ते.

माझी वहिनी गावाकडे अंगणवाडी सेविका आहे. २०२४ च्या जुलैत लाडकी बहीणचे फॉर्म भरून भरून ती थकली होती, तेव्हा फोनवर सहज बोलून गेली, अगं बाया कागद बघून येत नाहीत, माणूस बघून येतात. माझ्या डोक्यात ते बसलं. मग २०२५ च्या सीझनला मी फ्लायर बंद केले आणि दुपारी अडीचला, जेव्हा किचनमधल्या बायका जेवायला बाहेर बसतात, तेव्हा डबा घेऊन त्यांच्याशेजारी जाऊन बसायला लागले. पहिले दोन आठवडे टॅक्सचा विषयसुद्धा काढला नाही.

आणि तिथे कळलं की माझा शब्दच चुकत होता. मी म्हणायचे ‘टॅक्स क्रेडिट’. क्रेडिट म्हटलं की आपल्या माणसाला क्रेडिट कार्ड आठवतं, उधारी आठवते, एक बाई तर स्पष्ट म्हणाली की नको ताई आधीच कर्ज आहे. मग मी तो शब्दच टाकून दिला. “तुम्ही वर्षभर राबलात त्याचे सरकारकडे राहिलेले पैसे” असं सांगायला लागले. की लगेच दुसरी भीती, सरकारी मदत घेतली तर पुढे ग्रीनकार्डला, सिटिझनशिपला अडचण येईल. तर तेव्हाच्या नियमाप्रमाणे नाही यायची, टॅक्स क्रेडिट पब्लिक चार्जच्या (हा माणूस सरकारी मदतीवर अवलंबून राहील का, या) हिशोबात धरत नव्हते, हे मी इतक्या वेळा सांगितलंय की झोपेतही सांगेन. मात्र ईआयटीसीसाठी रिटर्नवरच्या प्रत्येकाकडे, मुलांकडेही, कामाला चालणारा सोशल सिक्युरिटी नंबर हवा, आयटीआयएनवर (सोशल सिक्युरिटी नंबर नसलेल्यांना आयआरएस देतं तो टॅक्सचा नंबर) मिळत नाही. हे आधीच सांगायचं, उगीच कुणाला आशा लावून बोलवायचं नाही.

तर तिथे पोळ्या लाटणारी एक ताई भेटली. दोन मुलं, दोघं इथेच जन्मलेली, हिचं ग्रीनकार्ड, नवरा २०२० पासून वेगळा, दुसऱ्या राज्यात. मला म्हणाली, “मला टॅक्स लागतच नाही ताई, जुना मालक म्हणाला होता रिटर्न भरायची गरज नाही.” तसं बघितलं तर खोटं नव्हतं, तेव्हाच्या इतक्या कमी पगारावर भरणं सक्तीचं नव्हतंच. पण त्यापायी तिने २०२० पासून एकही रिटर्न भरला नव्हता. मी हिशोब करायला लागले आणि माझेच हात थंड पडले, कारण तो मार्चचा दुसरा आठवडा होता आणि रिफंड मागायला तीन वर्षांची मुदत असते. २०२१ च्या रिटर्नची मुदत १५ एप्रिल २०२५ ला संपत होती. २०२० चं तर गेलंच होतं, ते मे २०२४ मध्येच संपलं.

२०२१ हे साधं वर्ष नव्हतं. त्या एकाच वर्षी चाइल्ड टॅक्स क्रेडिट वाढवून सहा वर्षांखालच्या मुलाला ३,६०० आणि मोठ्याला ३,००० केलं होतं आणि टॅक्स नसला तरी पूर्ण मिळत होतं. तिची मुलं तेव्हा चार आणि आठ वर्षांची.

पुढच्या शनिवारी ती आली. ग्रोसरीची पिवळी प्लास्टिकची पिशवी, त्यात सगळी पाकिटं, बरीचशी न फोडलेली. मी टेबलावर एक एक फोडून वर्षाप्रमाणे गठ्ठे केले, विजेची बिलं बाजूला, शाळेची पत्रं बाजूला (ती टाकायची नाहीत, मुलं तुमच्याच पत्त्यावर राहत होती याचा पुरावा तोच). २०२२, २०२३, २०२४ चे डब्ल्यू-टू (मालक देतो तो वर्षभराच्या पगाराचा फॉर्म) सापडले. २०२१ चा नाही. ते किचन बंद पडलेलं आणि मालक फोन उचलत नव्हता.

अशा वेळी घाबरायचं नाही, आयआरएसकडे मालकाने पाठवलेल्या डब्ल्यू-टूची नोंद असते, तिला वेज अँड इन्कम ट्रान्स्क्रिप्ट म्हणतात, ऑनलाइन अकाउंट उघडलं की दिसते. पण अकाउंट उघडायला फोनवर ओळखपत्राचा आणि चेहऱ्याचा फोटो लागतो आणि तिच्या फोनची काच तडकलेली, कॅमेरा धूसर. चार वेळा फेल. शेवटी एका व्हॉलंटियरच्या फोनवरून, खिडकीपाशी उजेडात उभं करून, पाचव्या वेळी झालं. ट्रान्स्क्रिप्टवर २०२१ चा पगार आला, १८ हजारांच्या आसपास. मूळ डब्ल्यू-टू नसला तर त्याच्याऐवजी फॉर्म ४८५२ जोडायचा असतो, तो केला.

आता इथे मला माझ्या पहिल्या वर्षाची चूक सांगायलाच हवी. एक तरुण आई आली होती, वडिलांच्या घरात राहायची. मी विचारलं मुलं किती, तिने सांगितलं एक, मी रिटर्न भरला. दुसऱ्या दिवशी ई-फाइल (ऑनलाइन पाठवलेला रिटर्न) रिजेक्ट, त्या मुलाचा नंबर आधीच आजोबांच्या रिटर्नवर होता. पहिला हक्क आईचाच होता, पण मग कागदी रिटर्न, आजोबांना त्यांचा दुरुस्त करायला लावणं, आणि पोरीने ज्या पैशावर नवीन घराचं डिपॉझिट ठरवलं होतं ते कित्येक महिने अडकले. मी ‘घरात कोण कोण राहतं, आणि मुलाला दुसऱ्या कुणी दाखवलंय का’ एवढं विचारलं असतं तर हे आधीच मिटलं असतं. आम्हाला १३६१४-सी नावाचा प्रश्नांचा फॉर्म असतो तो यासाठीच असतो, नुसत्या टिका मारत जायचं नाही, बोलायचं.

म्हणून या ताईला मी तासभर विचारत बसले. नवरा शेवटचा घरात कधी राहिला, भाडं कोण भरतं, मुलं सुट्टीत त्याच्याकडे किती दिवस जातात. तो वर्षाच्या शेवटच्या सहा महिन्यांत घरात नव्हता आणि निम्म्याहून जास्त खर्च हिचा, त्यामुळे घटस्फोट झालेला नसला तरी हेड ऑफ हाउसहोल्ड (म्हणजे रिटर्नवर एकटीने घर चालवणारी) बसत होतं. त्याने मुलांना क्लेम केलंय का हे तिला माहीत नव्हतं. २०२२ ते २०२४ ई-फाइल करता येत होते ते पाठवले आणि रात्रभर माझा जीव टांगणीला. सकाळी तिन्ही ॲक्सेप्टेड. एकट्या २०२४ चंच बघा, पगार २४ हजार, फेडरल ईआयटीसी साधारण ६,७०० आणि राज्याचे साधारण २,६७५, चाइल्ड टॅक्स क्रेडिट वेगळं.

२०२१ जुनं म्हणून ई-फाइल होत नव्हतं, कागदावरच पाठवायचं. आमच्याकडे प्रत्येक रिटर्न दुसऱ्या माणसाने तपासल्याशिवाय सहीला जात नाही. आमच्या तपासणाऱ्या बाई रिटायर्ड शिक्षिका, पेन्सिल घेऊन ओळ न् ओळ बघतात. त्या थांबल्या आणि पेन्सिल ओळ ३० वर ठेवली, ही रिकामी का? माझ्या पोटात गोळा आला. ओळ ३० म्हणजे रिकव्हरी रिबेट, कोविडचा तिसरा चेक, माणशी १,४००. हिने रिटर्नच भरले नव्हते म्हणून तो चेक आलाच नसणार, आणि मी विसरले होते! ऑनलाइन अकाउंटवर बघितलं तर खरंच काही मिळालेलं नव्हतं. तिघांचे ४,२०० डॉलर त्या एका रिकाम्या ओळीत गेले असते. मग बेरीज केली: ईआयटीसी ५,९८०, मुलांचे ६,६००, हे ४,२००, एकूण १६,७८०. ताई काही बोलली नाही, पदराने नव्हे, ॲप्रनने डोळे पुसले, कामावरून तशीच आली होती.

७ एप्रिलला मी तिच्याबरोबर पोस्टात गेले. सर्टिफाइड मेल, रिटर्न रिसीट, तारखेचा शिक्का काउंटरवर डोळ्यांसमोर मारून घेतला आणि पावतीचा फोटो दोघींच्या फोनवर. कारण मुदतीचा प्रश्न आला तर तो शिक्काच आपला साक्षीदार. हे जरूर करा, कागदी रिटर्न पेटीत टाकून मोकळे होऊ नका.

ई-फाइलवाले रिफंड आधी आले. २०२१ चा चेक ऑगस्टच्या शेवटी आला, मधे आयआरएसचं ओळख पटवण्याचं एक पत्र आलं होतं आणि ती ते बघून घाबरून माझ्याकडे धावत आली होती, पण यावेळी पाकीट फोडून आली होती.

तिने आणखी दोघींची नावं दिलीत, त्यातल्या एकीचा २०२२ चा रिटर्न राहिलाय. त्याची शेवटची तारीख १५ एप्रिल २०२६. तुमच्या ओळखीत कुणी असं असेल तर जवळचं व्हिटा सेंटर ८००-९०६-९८८७ या आयआरएसच्या नंबरवर कळतं. फोटो आयडी, सगळ्यांची सोशल सिक्युरिटी कार्डं आणि जी असतील ती पाकिटं, न फोडलेली सुद्धा, घेऊन या म्हणावं, आणि शक्य असेल तर फेब्रुवारीतच या, कारण एप्रिलमध्ये आमच्याकडे उभं राहायला जागा नसते.