शिळा मजकूर अडवताना: माझ्या फाइलसिस्टममधील डायरेक्ट राइट, नोंद चौथी

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात फोंड्यात सलग तीन दिवस पाऊस कोसळत होता आणि तिसऱ्या दुपारी तारांवर फांदी पडून वीज गेली. माझ्या जुन्या डेस्कटॉपला इन्व्हर्टर नाही. त्याच्या दुसऱ्या डिस्कवर मी लिहीत असलेली फाइलसिस्टम (डिस्कवर फाइली कुठे आहेत याचा हिशेब ठेवणारा कोड) होती आणि तिच्यावर ओ_डायरेक्टने, म्हणजे मेमरीतला कॅश टाळून थेट डिस्कवर लिहिणाऱ्या डायरेक्ट राइटने, एक मोठी फाइल लिहिणे चालू होते. वीज आल्यावर जर्नल (फाइलसिस्टममधील बदलांची नोंदवही) व्यवस्थित रिप्ले झाले, तपासणीत एकही चूक निघाली नाही, आणि तरीही त्या फाइलच्या शेवटाकडे माझ्या भाचीच्या महाविद्यालयीन प्रवेशअर्जातील चार ओळी सापडल्या. तो अर्ज तिने आठवड्यापूर्वी त्याच डिस्कवरून पुसला होता. बिघडलेली फाइल निदान ज्याची त्याचेच नुकसान करते. इथे मात्र एकाने पुसलेला मजकूर दुसऱ्याच्या हाती पडला होता, म्हणून हातातली बाकीची सर्व कामे बाजूला ठेवून मी याच दोषामागे लागलो.

कारण लगेच समजले. माझा कोड आधी मोकळा ब्लॉक (डिस्कवरील जागेचा ठरावीक तुकडा) घेऊन तो एक्स्टेंटच्या, म्हणजे सलग ब्लॉकांच्या पट्ट्यांच्या, झाडात नोंदवत असे आणि मग डेटा डिस्ककडे पाठवत असे. जर्नल दर ५ सेकंदांनी कमिट होते, म्हणजे त्यातील नोंदी डिस्कवर पक्क्या होतात. नोंद कमिट झाली आणि डेटा पोहोचण्यापूर्वी वीज गेली, तर फाइल त्या ब्लॉकमधील जुन्याच मजकुराकडे बोट दाखवते. वीज जाण्याचीही गरज नाही: याच फटीत दुसऱ्या प्रोसेसने ती फाइल पेज कॅशमधून (कर्नलने मेमरीत ठेवलेल्या फाइलींच्या प्रतीतून) वाचली, तरी तिला तोच शिळा मजकूर मिळतो.

पहिला उपाय म्हणून मी नवीन ब्लॉक आधी शून्यांनी भरून मग नोंदवू लागलो. गळती थांबली, पण प्रत्येक ब्लॉक दोनदा लिहिला जाऊ लागला आणि डायरेक्ट राइटचा हेतूच हरवला. लिनक्सची जुनी फाइलसिस्टम एक्स्ट२ फाइलमधील भोकांवर (ज्यांना अजून ब्लॉक दिलेलेच नाहीत अशा भागांवर) थेट न लिहिता बफर्ड मार्गाने, म्हणजे पेज कॅशमधून, लिहिते. लहान फाइलसिस्टमसाठी ती वाट प्रामाणिक आहे, परंतु मला एक्सएफएस आणि एक्स्ट४ या लिनक्सवरील फाइलसिस्टमची अनरिटन एक्स्टेंटची पद्धत शिकायची होती. तिच्यात जागा नोंदवली जाते ती 'अजून न लिहिलेली' या खुणेसह, वाचणाऱ्याला तिथे शून्येच दिसतात, आणि डेटा डिस्कवर पोहोचल्यानंतरच ती खूण काढली जाते. एक्स्ट४ ही खूण एक्स्टेंटच्या १६ बिटांच्या लांबीतच बसवते: ३२७६८पर्यंतची लांबी लिहिलेल्या एक्स्टेंटची, त्यापुढची न लिहिलेल्याची, त्यामुळे अनरिटन एक्स्टेंट जास्तीत जास्त ३२७६७ ब्लॉकांचा असतो. युक्ती सुंदर आहे, पण मी खुणेसाठी स्वतंत्र बिट ठेवला, कारण डीबग करताना डोळ्यांना तो पटकन दिसतो.

खूण काढण्याचे काम डिस्कने 'झाले' म्हणताच, म्हणजे इंटरप्टमध्येच (डिस्कच्या इशाऱ्यावर कर्नल हातातले काम थांबवून जो कोड चालवतो त्यातच), करण्याची चूक मी केली. तिथे थांबता येत नाही, त्यामुळे जर्नलचे ट्रान्झॅक्शनही (एकत्र नोंदवायच्या बदलांचा गट) उघडता येत नाही, आणि कर्नलने तसे स्पष्ट बजावले. आता हे काम वर्कक्यूकडे (कर्नलची नंतर करायच्या कामांची रांग, जिथे थांबता येते) जाते, आणि असिंक राइट, म्हणजे ॲप्लिकेशन ज्याची वाट पाहत थांबत नाही असा राइट, पूर्ण झाल्याचे ॲप्लिकेशनला खूण निघाल्यावरच कळवले जाते. त्याआधी कळवले, तर नुकताच लिहिलेला डेटा वाचायला गेलेल्याला शून्ये मिळतील. राइट फसला, तर खूण तशीच राहते. फाइलची वाढलेली लांबीही याच टप्प्यावर नोंदवली जाते.

सर्वाधिक वेळ खाल्ला तो ब्लॉकच्या तुकड्यांनी. माझा ब्लॉक ४०९६ बाइटचा, पण डायरेक्ट राइट ५१२ बाइटच्या सेक्टरचाही येऊ शकतो. असा एक सेक्टर लिहून सगळ्या ब्लॉकची खूण काढली, तर उरलेले ३५८४ बाइट शिळेच्या शिळे उघडे पडतात. म्हणून लिहिलेल्या भागाच्या मागेपुढे शून्ये भरणे आवश्यक आहे. ते केले, आणि वेगळाच दोष पुढे आला. प्रोग्रामच्या एका थ्रेडने (एकाच वेळी चालणाऱ्या धाग्यांपैकी एकाने) ब्लॉकचा तिसरा सेक्टर आणि दुसऱ्याने सहावा एकाच वेळी लिहिला. दोघांनाही ब्लॉक न लिहिलेला दिसला, दोघांनीही आपल्याभोवती शून्ये भरली, आणि उशिरा पोहोचलेल्याच्या शून्यांनी पहिल्याचा डेटा पुसला. आता ब्लॉकच्या सीमेवर न बसणारा राइट इनोडचे (फाइलची माहिती ठेवणाऱ्या नोंदीचे) कुलूप एकट्यासाठी घेतो आणि आधीचे सर्व डायरेक्ट राइट संपेपर्यंत थांबतो. सीमेवर बसणारे राइट पूर्वीसारखे सामायिक कुलपाखाली एकत्र चालतात.

तपासणीची कल्पना साखळी गावच्या एका मित्राची. फॉरमॅट करण्याआधी सगळी डिस्क 'शिळे' या शब्दाने भरायची. यूटीएफ-८मध्ये तो बरोबर १२ बाइटचा होतो; त्यापुढे ४ बाइटचा सेक्टर क्रमांक जोडला की १६ बाइटचा ठसा तयार होतो आणि एका सेक्टरमध्ये तो ३२ वेळा बसतो. मग कोणत्याही फाइलच्या हेक्सडंपमध्ये (बाइटांच्या आकड्यांच्या यादीत) 'ई० ए४ बी६', म्हणजे 'श'चे तीन बाइट, दिसले की गळती आहे, आणि ती कोणत्या सेक्टरमधून आली तेही तिथेच वाचता येते. डिव्हाइस मॅपर हा कर्नलमधला, खऱ्या डिस्कवर आभासी डिस्क मांडणारा थर; त्याच्या डीएम-डिलेने प्रत्येक राइटला ५०० मिलिसेकंद उशीर लावल्यावर, एरवी हाती न लागणारी ती फट इतकी रुंद झाली की जुन्या कोडमधून ठसा पहिल्याच वाचनात बाहेर आला. वीज जाण्याची नक्कल करण्यासाठी क्यूएमयू (आभासी संगणक चालवणारा प्रोग्राम) मारून टाकणे पुरत नाही, कारण गेस्टने, म्हणजे आतल्या आभासी संगणकाने, लिहिलेले होस्टच्या, म्हणजे बाहेरच्या खऱ्या संगणकाच्या, पेज कॅशमध्ये सुखरूप असते. त्यासाठी डिव्हाइस मॅपरच्याच डीएम-लॉग-राइट्सने सर्व राइट क्रमाने नोंदवून ते प्रत्येक फ्लशपर्यंत (आतापर्यंतचे सर्व पक्के लिही, या डिस्कला दिलेल्या आज्ञेपर्यंत) पुन्हा लावून पाहिले. नव्या कोडमध्ये ठसा एकदाही सापडला नाही.

एक प्रश्न मात्र उघडा आहे. मोठ्या अनरिटन एक्स्टेंटच्या मधोमध लिहिले की त्याचे तीन तुकडे होतात, आणि झाडाला त्यासाठी नवा नोड लागू शकतो. डिस्क भरलेली असेल, तर डेटा पोहोचलेला असूनही खूण काढायला जागा मिळत नाही. एक्स्ट४ हे तुकडे डेटा पाठवण्याआधीच करून घेते. माझ्या कोडमध्ये ते काम सध्या शेवटी होते, आणि ते पुढे सरकवायला मी काल रात्री सुरुवात केली.